हिरवी सही

पहूरला समुद्र नाही. वाघूर आहे, पण ती वर्षातले बरेच महिने पाण्यापेक्षा वाळूच जास्त सांभाळते. त्यामुळे चाचेगिरीला लागणारं जहाज, शीड, एका डोळ्यावरची काळी पट्टी असलं काही आमच्या गावाने कधी पाहिलं नाही. आमच्या चाच्याकडे एक जुनी एम-एटी दुचाकी होती, बसस्टँडजवळ पत्र्याची टपरी होती आणि हिरव्या शाईचा एक मार्कर होता.

गोष्ट २००४-०५ च्या आसपासची. टपरीच्या वरच्या फळीवर कीर्तनाच्या कॅसेट असत. मधल्या फळीवर अहिराणी गाण्यांच्या आणि मालेगावी विनोदाच्या व्हीसीड्या. तळाच्या फळीवर, म्हणजे वडीलधाऱ्या माणसाला गुडघे दुखवून घेतल्याशिवाय दिसणार नाही अशा उंचीवर, संगणकाचे गेम. मालकाला सगळं गाव सीडीवाला भाऊ म्हणे. भाऊकडची एकही सीडी ओरिजिनल नव्हती, आणि आपल्या सीडीची कोणी कॉपी मारू नये या एकाच विवंचनेत भाऊ वाळत चालला होता.

त्याआधीचा जमाना कॅसेटचा. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम यायचा, त्यात खुपसायची पिवळी कॅसेट, आणि कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’. एका उन्हाळ्यात आम्ही तिघांनी वही घेऊन मोजले. गेम निघाले सात. उरलेले ९९९२ म्हणजे तेच सात पुन्हा पुन्हा. फार तर सुरुवात तिसऱ्या पायरीपासून. हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. निन्टेन्डोने पुढे तेच यंत्र अमेरिकेत नेलं तेव्हा आत कुलपाची एक चिप बसवली. कॅसेटमधली चिप आणि यंत्रातली चिप यांचा परवलीचा शब्द जुळला नाही तर यंत्र दर सेकंदाला स्वतःलाच बंद करून पुन्हा चालू करी. गंमत म्हणजे कॅसेटच्या पितळी दातांवर जरा धूळ बसली तरी चिपला वाटे, चोर आला. म्हणजे पूर्ण पैसे भरलेली अमेरिकन पोरं लुकलुकणाऱ्या टीव्हीसमोर बसून कॅसेटमध्ये फुंकर मारत होती. जपानी फॅमिकॉमला ते कुलूप नव्हतं. नक्कल त्याची झाली आणि ती फिरत फिरत पहूरला आली. फुंकर आम्हीही मारायचो, पण ती निव्वळ श्रद्धेने.

संगणक घरी आला तो मात्र सरकारच्या कृपेने. वडील शाळेत शिक्षक. एमएस-सीआयटी उत्तीर्ण व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा, असे ते दिवस होते. जळगावला जोडून घेतलेला संगणक काळी-पिवळीच्या टपावर, चारी बाजूंनी उशा लावून, नवरीसारखा आला. परीक्षेपर्यंत वडिलांनी महिनाभर माउस हाताळला, तोही खडू धरतात तसा धरून. त्यानंतर संगणक माझा झाला. त्यातलं विंडोज भाऊच्या सीड्यांच्याच कुळातलं होतं हे कळायला मला काही वर्षं लागली. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब सांगतं की बनावट प्रोग्रॅम माहीत असून वापरला तर कमीत कमी ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला दया दाखवता येते. आता वडिलांनी त्यावर सराव करून वेतनवाढ मिळवली होती. ती नफ्यात धरायची की कसं, हे कोणाला विचारावं अशी सोय नव्हती.

ओरिजिनल गेम तेव्हा हजाराच्या आगेमागे मिळे, आणि हजारात आमच्या घरी महिन्याचा किराणा भरला जाई. भाऊकडे तोच गेम ५० रुपयांना. ‘ओरिजिनल’ या शब्दाचा अर्थही आमच्याकडे, म्हणजे गावाच्या पेठ आणि कसबा या दोन्ही भागांत, वेगळा होता. ‘ही ओरिजिनल कॉपी हाये भो, कसब्यातली डुप्लिकेट कॉपी हाये,’ असं भाऊ सांगे आणि ते ऐकून कोणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नसे.

माझा पहिला गेम जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी. ओरिजिनल दोन सीड्यांवर येई. भाऊने ते एकीवर बसवलं होतं, आणि जागा व्हावी म्हणून गाड्यांमधला रेडिओ काढून टाकला होता. अमेरिकेत इतक्या चकचकीत गाड्या असून एकातही टेप नाही, याचं मला कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. आमच्या शेंदुर्णीला जाणाऱ्या काळी-पिवळीत माणसाला बसायला जागा नसे, पण गाणी असत.

आता भाऊच्या बंदोबस्ताकडे वळू. पहिला उपाय हिरव्या मार्करची सही. प्रत्येक सीडीवर लफ्फेदार ‘भाऊ’, खाली दोन रेघा. सही नसलेली सीडी चालली नाही तर बदलून मिळणार नाही. दुसरा उपाय जास्त खोल होता. ओरिजिनल सीडी ड्राइव्हमध्ये नसताना गेम चालायला जी क्रॅकची फाइल लागते, ती भाऊ पासवर्ड लावून ठेवी. पासवर्ड सांगत नसे. स्वतः घरी येऊन, स्क्रीनसमोर पाठमोरा उभा राहून, टाइप करून जाई आणि त्याचे वेगळे २० रुपये घेई. शिवाय चहा. आमच्या आईला तो इंजिनीअर वाटे.

तो पासवर्ड आम्ही तीन महिन्यांत शोधला. त्याने दर वेळी टाइप करण्याआधी खिडकीतून बाहेर एकदा पाहायचं काय कारण, असा विचार एका दुपारी मनात आला. बाहेर त्याची एम-एटी उभी असायची. नंबर प्लेट आमच्याकडे तोंड करून.

त्यानंतर आठवडाभरात पेठेतल्या सात घरांत व्हाइस सिटी झालं आणि विकली गेलेली सीडी एकच. भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसला. पोटतिडिकीने बोलला. ‘ह्याले चोरी म्हनतात भो! मी जयगावले जातो, त्याचं यष्टीचं भाडं कोन देते? कोरी सीडी पैशाशिवाय येत नाही. रातभर जागून राईट करतो, मंधात लाईट गेली का सीडी गेली. अन् तू घरी बसल्या बसल्या कॉपी मारतो. पह्यल्या सीडीले मरण हाये. दुसरीले काय? काहीच नाही.’

मी पुढे कॉमर्सला गेलो, तिथे स्थिर खर्च आणि सीमांत खर्च ही दोन प्रकरणं सरांनी सहा तासांत शिकवली. भाऊने ओट्यावर दीड मिनिटात आटोपली होती. गेमच्या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र त्याच्या शेवटच्या तीन वाक्यांत आहे. केळीच्या दुसऱ्या घडालाही पहिल्याइतकंच पाणी आणि खत लागतं. गेमचं तसं नाही. शेकडो माणसं काही वर्षं राबतात तेव्हा पहिली प्रत तयार होते, आणि तिथून पुढे सगळी भाऊची दुसरी सीडी. म्हणून तर २०१३ मध्ये जीटीए फाइव्ह आला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत १ अब्ज डॉलरची विक्री झाली, आणि म्हणूनच कंपन्यांचा जीव त्या पहिल्या दिवसांत अडकलेला असतो. कुलूप कायमचं टिकत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. तमाशाच्या कनातीला हात घालणाऱ्या पोरांना हाकलायला फडवाले काठीवाला माणूस ठेवतात, तो तरी कुठे रात्रभर लागतो? गण-गवळणीपासून वग रंगेपर्यंत त्याने कनात सांभाळली की झालं. पहाटे कोणी खालून शिरलं तर शिरू दे बापड्याला.

भाऊचं लाईट जाण्याचं दुःख मात्र खरं होतं. भारनियमन इतकं, की सीडी राईट व्हायला लागली की घरातले सगळे श्वास धरून बसत. ज्या प्रोग्रॅमवर हे काम चाले त्याचं नाव नीरो. तोही अर्थात पैसे न देता आणलेला. सीडी ‘बर्न’ करताना रोम जळत असल्याचं चित्र त्याच्या खुणेत होतं; इथे जळायची ती फक्त कोरी सीडी. एक आहे, आमच्या भागाला नकला लाभत नाहीत हे फार जुनं आहे. पहूरवरून सरळ गेलं की अजिंठा. तिथल्या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमला गेला आणि वर्षानुवर्षं बसून त्याने त्या केल्या. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या, १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, तेही १८७२ पासून खपले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. चित्रं लेण्यात आहेत तिथेच आहेत. गिल भुसावळला पुरला आहे. नकलेवर इतका जालीम बंदोबस्त पुढे कुठल्याही कंपनीला जमला नाही.

भाऊला खरा धक्का आम्ही दिलाच नव्हता. तो दिला कसब्यात निघालेल्या दुसऱ्या टपरीने. तिथे भाऊच्याच सीड्यांच्या नकला ४५ ला मिळू लागल्या. वर हिरवी सहीसुद्धा! खालच्या दोन रेघांसकट. भाऊने दुसऱ्या दिवशी टपरीवर पाटी लावली: ‘आमची कुठेही शाखा नाही. नकली मालापासून सावध.’ मग त्याला कोणीतरी सुचवलं की गिऱ्हाइकाला काहीतरी वर दे. तेव्हा प्रत्येक सीडीबरोबर चीट कोडचा छापील कागद फुकट मिळू लागला. रणगाडा हवा असेल तर काय टाइप करायचं, पोलीस मागे लागले तर काय. त्या कागदासाठी जामनेरहून पोरं आली. पंधरा दिवस भाऊ राजा होता. सोळाव्या दिवशी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे तोच कागद एका रुपयाला मिळू लागला.

हे हसण्यावारी नेऊ नका. पोलंडमध्ये वॉर्साच्या बाजारात गेमच्या नकला अशाच ढिगाने मिळत. त्या बाजारात वावरलेल्या दोन पोरांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली. १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट हा गेम पोलिश भाषेत आणला आणि खोक्यात नकाशा, जाडजूड माहितीपुस्तक, गाण्यांची सीडी असं काय काय भरून दिलं. नकलेत हे मिळणार नव्हतं. खोकं खपलं. पुढे याच कंपनीने विचर हा स्वतःचा गेम काढला, त्याचा तिसरा भाग २०१५ मध्ये स्वतःच्या दुकानातून बिनकुलपाचा विकला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्या. युक्ती भाऊचीच. फक्त त्यांच्या शेजारी झेरॉक्सवाला नव्हता.

कुलपांच्या जगातल्या काही गोष्टी मी पुढे वाचल्या आणि सुट्टीत घरी आल्यावर मोठ्या काकांना सांगितल्या. काका कापूसवाले, संगणकाला हात न लावलेले, पण ऐकून घेणारे. सिरीयस सॅम थ्री नावाचा गेम २०११ मध्ये आला. त्याची चोरटी प्रत चालवली की एक अक्राळविक्राळ विंचू मागे लागायचा, जो कितीही गोळ्या घाला, मरायचाच नाही. काका म्हणाले, ‘मग बरोबर हाये.’ जीटीए फोर २००८ मध्ये संगणकावर आला, त्याच्या चोरट्या प्रतीत स्क्रीन दारू प्यायल्यासारखी डुलायची आणि गाडी आपोआप भरधाव सुटायची. मी म्हटलं, आपल्याकडे हा उपाय चालला नसता, काका. कोणाला संशयच आला नसता. आता रस्ता असाच, म्हणून पोरं खेळत बसली असती.

मग ग्रीनहार्ट गेम्सची गोष्ट. दोन भावांची ही छोटी कंपनी. २०१३ मध्ये त्यांनी गेम डेव्ह टायकून काढला, गेमची कंपनी चालवण्याचा गेम. आणि त्याच दिवशी त्याची चोरटी प्रत स्वतःच चोरबाजारात सोडून दिली. तिच्यात एवढाच बदल होता की खेळाडूची कंपनी कितीही चांगले गेम काढो, थोड्या वेळाने लोक ते चोरून खेळू लागायचे आणि कंपनी बुडायची. पहिल्या दिवशी विकत घेतलेल्या प्रती २१४, चोरट्या कमीत कमी ३१०४. आणि फुकट्यांनी जाहीर गाऱ्हाणं मांडलं की आम्ही इतक्या मेहनतीने गेम बनवतो, लोक चोरतात, आम्ही जगायचं कसं? चोरीविरुद्ध काही शोध लावायची सोय गेममध्ये आहे का?

मी हसत होतो. काका हसले नाहीत. म्हणाले, ‘ह्यात नवं काय? बियान्यावाले हे कधीपासून करतात. यंदाच्या संकरित कपाशीची सरकी ठेव अन् पुढच्या साली पेर. उगवते. बरी दिसते. मंग एक झाड छातीइतकं, एक गुडघ्याइतकं. बोंडं धरायच्या टायमाले समजते तुले, का तू चोर हाये.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. संकरित वाणाची दुसरी पिढी फुटते ती निसर्गाच्या नियमाने, कोणी मुद्दाम विंचू सोडलेला नसतो. पण परिणाम तोच: दरवर्षी पाकीट नवं घ्या. कपाशीला चोरबाजारही आहे. बीटी कपाशीला सरकारची परवानगी मिळाली २००२ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातच्या शेतांत परवान्याआधीचं बीटी सापडलेलं होतं. आज तणनाशकाला न जुमानणारं, मान्यता नसलेलं एचटीबीटी बियाणं येतं, त्याला शिवारात ‘चोर बीटी’ म्हणतात. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते जाहीर सत्याग्रह करून पेरलं. व्हाइस सिटी सत्याग्रहाने खेळावं, एवढी दूरदृष्टी आमच्यात नव्हती.

भाऊचा धंदा बसवला तो मात्र कायद्याने, तोही थेट नव्हे. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती वगैरेंना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा आहे, लोक त्याला एमपीडीए म्हणतात. २००९ मध्ये त्यात व्हिडिओ पायरेट्स घातले. पुढे वाळू तस्करही आले. या कायद्याचं मराठी नाव इतकं लांब आहे की ते वाचून होईतो आरोपी पाचोऱ्याला पोचेल, आणि तेही पाचोरा-जामनेरच्या जुन्या, रेंगाळत जाणाऱ्या पीजे गाडीने. भाऊने बातमी पेपरात वाचली. पोलीस त्याच्या टपरीवर कधी आले नाहीत. आली ती त्याची आई, हातात तो पेपर घेऊन. तिचं म्हणणं तुरुंगाबद्दल नव्हतंच. हातभट्टीवाल्याच्या रांगेत आपल्या पोराचं नाव, मग सोयरीक कशी जुळायची?

भाऊने तळाची फळी रिकामी केली. सोयरीक जुळली. टपरीवर नवी पाटी आली, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. या धंद्याला तो पायरसी मानत नसे, कारण त्यात सीडी नव्हती. तोही २०१६ मध्ये जिओ आलं आणि संपला. चोरीला चोरीने मारता येत नाही, कुलपानेही नाही. फुकटाने मात्र एका दिवाळीत मारलं. पुन्हा कोणी भाऊकडे कार्ड घेऊन आलं नाही.

आता तिथे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, आधार. आणि संध्याकाळी पोरांची रांग. गेल्या सुट्टीत माझा पुतण्या मला तिथे घेऊन गेला. त्याच्या फोनमधला गेम बीजीएमआय. आधीचं पबजी सरकारने २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंद केलं, त्याचा हा २०२१ मध्ये आलेला देशी अवतार. मधे २०२२ मध्ये हाही गायब झाला होता, २०२३ मध्ये परतला. गेम संपूर्ण फुकट. चोरायचं म्हटलं तरी चोरायला काही नाही. भाऊने पोराकडून रोख घेतले, स्वतःच्या फोनवरून कंपनीला भरले, १० रुपये कमिशन ठेवलं. मी विचारलं, काय घेतलंस रे? पुतण्याने दाखवलं. बंदुकीला चढवायचा रंग. त्याने गोळी जोरात लागत नाही, नेम सुधारत नाही, बंदूक फक्त छान दिसते.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. ‘पन्नास रुपयात मी आख्खं अमेरिका देत होतो,’ तो म्हणाला. ‘तुम्ही कुरकुर करायचे. हे पोट्टे बंदुकीच्या सदऱ्याले दीडशे देतात, अन् मुकाट्यानं.’

‘रेडिओ काढून टाकलेला होता,’ मी म्हटलं.

त्याने ते ऐकलं नसल्यासारखं केलं. मग त्याच्या जुन्या सीड्यांचं काय झालं ते विचारलं. त्याच्या शेतात ज्वारीवर आहेत, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडीवर गेलो. शेताच्या चारी बाजूंनी काठ्या रोवलेल्या, काठ्यांना सुतळ्या, आणि सुतळ्यांना शंभर-दीडशे सीड्या वाऱ्यावर फिरत, उन्हात चमकत होत्या. पाखरू जवळ येत नव्हतं. कणसं भरलेली. मी एक सीडी धरून पाहिली. हिरवी शाई उडत आलेली, पण दोन रेघा शाबूत.

बांधाच्या कडेला दोन काठ्यांना नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. कोणीतरी रात्रीत सीड्या सोडून नेल्या होत्या. भाऊ तिथे बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग कसब्याच्या दिशेने पाहत म्हणाला, ‘सही असलेल्याच नेल्या पाय!’